तांब्याच्या तीन हिरव्या रेषा

आमच्या प्रोजेक्टच्या पहिल्या प्रेझेंटेशनला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आर्कचं तापमान मोजणार म्हणता, मग थर्मामीटर कुठे लावणार?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्याचं नीट उत्तर देता आलं नव्हतं. प्रश्न अगदी रास्त होता. टंगस्टन हा सगळ्यात उशिरा वितळणारा धातू, तोही सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला पाणी होतो. तांब्याच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेल्या आर्कचं तापमान त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतं. त्यात थर्मोकपल घातलं तर थर्मोकपलच जाईल. मग मोजायचं कसं?

उत्तर असं, की आत काहीच घालायचं नाही. बाहेर येणारा प्रकाश वाचायचा. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. आणि थोडासा ग्राफवरच्या एका बिंदूबद्दलही आहे, जो आम्ही सबमिशनच्या आधी खोडून टाकणार होतो.

प्लाझ्मा आपल्या जिन्यातसुद्धा आहे

वायूला पुरेशी ऊर्जा दिली की त्यातल्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतात. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. साधे अणू, आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांची जी खिचडी तयार होते तिला प्लाझ्मा म्हणतात. वीज चमकते तेव्हा प्लाझ्मा असतो, वेल्डिंगच्या ठिणगीत असतो, सूर्य तर सगळाच प्लाझ्माचा आहे. हॉस्टेलच्या एखाद्या जिन्यात अजून जुनी ट्यूबलाइट असेल, तर तिच्यातही आरगॉन आणि पाऱ्याच्या वाफेचा प्लाझ्मा आहे.

त्या ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान सुमारे ११,००० केल्विन असतं. तरी ट्यूबची काच जेमतेम कोमट लागते. कारण इलेक्ट्रॉन अणूच्या मानाने फारच हलका. तो अणूवर आपटला तरी कॅरमची सोंगटी ट्रकवर आपटावी तसं होतं, ट्रक काही हलत नाही. शिवाय नळीतला दाब अगदी कमी, म्हणजे टकराही कमी. म्हणून प्लाझ्माचं तापमान विचारताना "किती" च्या आधी "कोणाचं" हे विचारावं लागतं. आमचा आर्क मात्र हवेच्या पूर्ण दाबाखाली जळत होता. तिथे टकरा इतक्या होतात की मधल्या भागात इलेक्ट्रॉन आणि अणू यांचं तापमान जवळजवळ एकच होतं. पुढचा सगळा हिशोब याच गृहीतकावर उभा आहे, हे लक्षात असू द्या. ट्यूबलाइटला तो तसाच लावला तर उत्तर चुकेल.

रेषा येतात कुठून?

अणूतल्या इलेक्ट्रॉनाला हवी ती ऊर्जा घेता येत नाही. त्याच्यासाठी ठराविक पायऱ्या असतात. टक्कर बसली की तो वरच्या पायरीवर जातो आणि थोड्याच वेळात खाली उडी मारतो. दोन पायऱ्यांमधला फरक प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या या फरकाने १२४० ला भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. तांब्याच्या अणूत एक पायरी ६.१९ वर आहे आणि एक ३.८२ वर. फरक २.३७, म्हणजे तरंगलांबी साधारण ५२३. तांब्याची प्रसिद्ध हिरवी रेषा ५२१.८ नॅनोमीटरला आहे. एवढ्या साध्या गणितात ती सापडते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा, म्हणून रेषाही वेगळ्या. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन गेला की उरलेल्या आयनाचा जिना पूर्ण बदलतो. कॅल्शियमच्या साध्या अणूची ठळक रेषा ४२२.७ नॅनोमीटरला आहे, तर एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या दोन रेषा ३९३.४ आणि ३९६.८ ला. पुस्तकात साध्या अणूपुढे रोमन एक लिहितात आणि एकदा आयन झालेल्यापुढे रोमन दोन. मी पहिला आठवडाभर "एक" म्हणजे एक इलेक्ट्रॉन गेलेला असं समजत होतो आणि तक्त्यातल्या भलत्याच रेषा शोधत बसलो होतो. तुम्ही ही चूक करू नका.

साध्या अणूच्या आणि आयनाच्या रेषा शेजारी ठेवल्या की किती अणूंचे आयन झाले ते कळतं. ते तापमानावर अवलंबून असतं आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीवरही. तापमान वाढलं की अणू फुटतात, गर्दी वाढली की आयनाला पुन्हा इलेक्ट्रॉन मिळतो. या ओढाताणीचं समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलं. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लागायला लागला तो तिथून. त्याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तेव्हा मोठमोठ्यांना ते पटलं नव्हतं.

जागेवर न बसलेल्या दोन रेषा

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. ते बघायला फ्रान्सहून आलेले जानसेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमध्ये त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील असं त्यांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं करूनही दाखवलं. आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" दाखवतात आणि लॉकियर यांनी तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. ऐकायला फार छान वाटतं, पण लॉकियर यांनी ती पिवळी रेषा पाहिली ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना.

ती रेषा सोडियमच्या पिवळ्या जोडीच्या अगदी शेजारी होती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ ला, ही ५८७.६ ला. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. "सोडियमच असणार, रीडिंगमध्ये थोडी चूक" असं म्हणून ती सोडून देणं किती सोपं होतं! तसं झालं नाही. पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची ती रेषा मानली गेली, आणि १८९५ मध्ये रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली. आजच्या मोजमापाने ती ५३०.३ नॅनोमीटरला आहे. कशाशीच जुळेना, म्हणून तिच्यासाठीही "कोरोनियम" नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं. ते मूलद्रव्य काही सापडलं नाही. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून उलगडा झाला, की ती रेषा आपल्या साध्या लोखंडाची आहे. फक्त त्या लोखंडाच्या अणूने २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत. त्यासाठी दहा लाख अंशांच्या वर तापमान लागतं, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर साडेपाच हजार अंशांचाच! प्रभामंडळ एवढं तप्त आहे हे त्या एका रेषेने ठरवलं. नाव चुकलं होतं, पण रेषेची नोंद बरोबर होती. ती नोंद सत्तर वर्षं थांबून राहिली म्हणूनच उलगडा होऊ शकला.

रेषांवरून तापमान

आता आमच्या आर्ककडे येऊ. तांब्याच्या तीन हिरव्या रेषा आहेत: ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८. यातली पहिली ३.८२ च्या पायरीवरून निघते, उरलेल्या दोन्ही ६.१९ च्या पायरीवरून. वरच्या पायरीवर अणू नेहमीच कमी असतात. किती कमी, ते तापमान ठरवतं. हा बोल्ट्झमनचा नियम. ३.८२ च्या पायरीवर जागेमागे शंभर अणू धरले, तर ६.१९ च्या पायरीवर ६००० केल्विनला एक असतो, ८००० ला तीन, आणि १०,००० ला सहा. हाच आपला थर्मामीटर.

पण तीव्रता फक्त अणूंच्या संख्येवर ठरत नाही. पायरीवर जागा किती, आणि दर सेकंदाला उडी मारण्याची शक्यता किती, हेही लागतं. ५२१.८ साठी जागा ६ आणि उडीचा दर सेकंदाला साडेसात कोटी. ५१०.६ साठी जागा ४ आणि दर फक्त २० लाख. यांचा गुणाकार करून तरंगलांबीने भागलं, की ५२१.८ चं पारडं ५५ पट जड निघतं. म्हणून वर अणू कमी असूनही ती रेषा ठळक दिसते. हिशोब केला तर या दोन रेषांच्या तीव्रतेचं गुणोत्तर ६००० केल्विनला सुमारे ०.५६ येतं, ८००० ला १.७५ आणि १०,००० ला ३.५.

प्रत्यक्षात दोनच रेषांवर न थांबता चार-पाच रेषा घेतात आणि बोल्ट्झमन प्लॉट काढतात. आडव्या अक्षावर वरच्या पायरीची ऊर्जा, उभ्या अक्षावर तीव्रतेला त्या पारड्याने भागून घेतलेला लॉग. सगळे बिंदू एका सरळ रेषेत यायला हवेत. रेषेच्या उतारावरून तापमान मिळतं.

आमचा बिंदू

आम्ही चार रेषा घेतल्या. वरच्या तीन हिरव्या आणि चौथी ५७८.२ ची पिवळी. वेल्डिंगच्या रेक्टिफायरवर आर्क पेटवायचा, भिंगाने त्याची प्रतिमा फायबरच्या तोंडावर पाडायची, स्पेक्ट्रोमीटरवरून आकडे घ्यायचे आणि एक्सेलमध्ये टाकायचे. स्पेक्ट्रोमीटर वेगवेगळ्या रंगांना किती प्रतिसाद देतो ते हॅलोजन दिव्यावर आधीच तपासून घेतलं होतं. सबमिशन सोमवारी, आणि ग्राफ काढला शुक्रवारी रात्री.

तीन बिंदू रेषेवर येतील, पण चार येईनात. ५१५ आणि ५२१ हे दोन्ही एकाच पायरीवरून निघतात, तेव्हा ग्राफवर ते एकाच ठिकाणी पडायला हवेत. आमचे एकाखाली एक, चांगले अर्धा घर अंतरावर. ५१५ धरला तर तापमान ८३०० केल्विन येई, ५२१ धरला तर ७३००.

माझ्या पार्टनरने ड्रॉवरमधून आदल्या वर्षीच्या सीनियर लोकांचा रिपोर्ट काढला. त्यांचं उत्तर ७३०० च्या आसपास. तो म्हणाला, "अरे, ५१५ चा बिंदू काढून टाक ना. बाकीचे तीन मस्त बसतायत, उत्तरपण जुळतंय. कोण बघतंय?" रात्रीचा दीड वाजला होता, प्रिंटिंग, बाइंडिंग सगळं बाकी होतं. मी तो बिंदू काढला. ग्राफ सुंदर दिसायला लागला. खोटं कशाला सांगू, मला अगदी हलकं वाटलं.

शनिवारी सकाळी सरांना ड्राफ्ट दाखवायला गेलो. त्यांनी ग्राफ पाहिला आणि विचारलं, "५१५ ची रेषा तांब्यात असते ना रे? ती कुठे गेली?" मी म्हणालो, "सर, तो बिंदू जरा बाहेर जात होता." सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "दोन्ही एकाच पायरीवरून निघतात. मग तापमान काहीही असो, यांचं गुणोत्तर बदलेल कसं? ते काढ आणि मग ठरव कोण बाहेर जातंय ते."

तिथेच बसून काढलं. ५२१ भागिले ५१५ हे कुठल्याही तापमानाला सुमारे १.८५ यायला हवं. आमचं १.१७ होतं. म्हणजे दोघांपैकी एक रेषा खोटी होती, आणि कोणती ते आम्ही बघितलंच नव्हतं. सीनियरशी जुळतं म्हणून एक ठेवली, एवढंच.

सर म्हणाले, "दोन संशयित आहेत. एक, आर्कच्या बाहेरच्या थंड थरातले अणू आतून आलेला प्रकाश गिळतायत. दोन, तुमचा डिटेक्टर भरून वाहतोय. कसं ओळखाल?" मला सुचेना. मग त्यांनीच सांगितलं, "एक्स्पोजर अर्धं करा. आर्कमध्येच प्रकाश गिळला जात असेल तर गुणोत्तर तेच राहील. डिटेक्टर दोषी असेल तर बदलेल."

लॅबच्या मामांनी शनिवारी अर्धा दिवस असूनही लॅब उघडून दिली. वर "आर्क माझ्यासमोर पेटवायचा, एकट्याने नाही" अशी तंबीही दिली. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांवरून ५ वर आणलं. गुणोत्तर १.८१. अडीचवर आणलं, १.८४. म्हणजे दोष डिटेक्टरचा. मग जुनी फाइल उघडून नुसत्या आकड्यांऐवजी आकृती पाहिली. ५२१ चं शिखर वरून कापल्यासारखं सपाट, आकडा बरोबर ६५,५३५. सोळा बिटमध्ये याच्यावर आकडाच नाही! प्रकाश कितीही वाढला तरी डिटेक्टर तेवढंच सांगणार. आम्ही शिखराची उंची एक्सेलमध्ये टाकली होती, शिखर पाहिलंच नव्हतं. सीनियरच्या रिपोर्टमध्येही एक्स्पोजर १० मिलिसेकंदच लिहिलेलं होतं, आणि आम्ही ते तसंच उचललं होतं.

म्हणजे काय झालं होतं पाहा. जो बिंदू आम्ही चुकीचा म्हणून काढला तोच बरोबर होता, आणि जो ठेवला तो खोटा. नवीन रीडिंगवरून चारही बिंदू एका रेषेत आले, तापमान ८३०० केल्विन. पुढे "अधिक-उणे ५००" लिहायला सरांनी लावलं. गुणोत्तरात २० टक्के चूक झाली तर इथे तापमानात सुमारे ६ टक्के चूक होते, आणि उडीचे दर तरी कुठे अगदी अचूक माहीत असतात! शिवाय फायबरमध्ये आर्कचा तप्त गाभा आणि थंड कड दोन्हींचा प्रकाश एकत्र येतो, तेव्हा आमचं तापमान हे एक प्रकारची सरासरीच आहे. तेही रिपोर्टमध्ये लिहिलं. पहिला चुकलेला ग्राफसुद्धा सरांनी रिपोर्टमध्ये ठेवायला सांगितला. मला लाज वाटत होती. पण एक्स्टर्नल सर सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर थांबले, आणि त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न मला आले.

इंजिनिअरला याचा उपयोग काय?

फौंड्रीत हेच चालतं. कोल्हापूरकडच्या मित्रांनी पाहिलं असेल, वितळलेल्या लोखंडाचा छोटा नमुना ओतून घेतात, त्यावर ठिणगी पाडतात आणि "स्पेक्ट्रो" वर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते थोड्याच वेळात येतं. तो आकडा बघून ओतायचं की थांबायचं ते ठरतं. तिथे एखादी रेषा "जरा बाहेर जाते" म्हणून सोडली तर पूर्ण हीट वाया जाईल. चिप बनवताना प्लाझ्माने थर कोरतात, तिथेही एखादी रेषा मंदावली की थर संपला हे कळतं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या आदित्य टोकामॅकसारख्या यंत्रांत, रेषा किती रुंद झाली आणि किती सरकली यावरून आयनांचं तापमान आणि वेग काढतात. हायड्रोजनच्या ४८६.१ च्या रेषेची रुंदी तर इलेक्ट्रॉनांची गर्दी सांगते. रुंदी साधारण एक नॅनोमीटर असेल, तर घनमीटरमध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १० चा २२ वा घात इतके.

करून बघा

एक खराब सीडी घ्या. जिन्यातल्या जुन्या ट्यूबचा प्रकाश एका कार्डातल्या बारीक फटीतून सीडीवर तिरपा पाडा. सलग इंद्रधनुष्याऐवजी निळा आणि हिरवा पट्टा वेगळा उठून दिसेल. त्या पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ च्या रेषा. मग एलईडी दिव्याखाली बघा, तिथे रंग सलग दिसतील, कारण तिथे प्लाझ्माच नाही. मात्र सूर्याकडे किंवा वेल्डिंगच्या आर्ककडे असं कधीही बघू नका, डोळे जातील.

आणि ज्युनिअर मित्रांनो, आमचा रिपोर्ट लॅबच्या कपाटात आहे. बिनधास्त वापरा. फक्त एक्स्पोजर आमच्याकडून उचलू नका, स्वतः तपासा. आधी ५२१ ला ५१५ ने भागा. १.८५ च्या जवळ आलं, तरच पुढे जा.